गोल खोलीत ही काय सांगते

आमच्या हिला सगळा बसस्टँड 'भोंगा' म्हणायचा. तोंडावर नाही हं, तेवढी कुणाची छाती नव्हती. पण माघारी सगळे भोंगाच म्हणायचे, आणि लग्नाआधी मीही म्हणायचो. हिचं काम गाड्या पुकारायचं. स्टँडवरचा कर्णा निम्मा वेळ बिघडलेला असायचा, पण हिला कर्णा हवा होता कुणाला! ही फलाटावर कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि गावांची नावं अशी फेकायची, की संडासात बसलेला माणूससुद्धा पँट सावरत धावत बाहेर यायचा.

हा आवाज घरातूनच आलेला. हिचे आई-वडील दोघं यंत्रमागावर कामाला, आणि घर कारखान्याच्या भिंतीला लागून. त्या खडखडाटात नुसतं 'मीठ दे' म्हणायचं तरी घसा फोडावा लागायचा. त्या घरात भांडण कुठलं आणि गप्पा कुठल्या, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. मी हिला मागणी घालायला गेलो, तर सासरे माझ्यावर असे ओरडले की मी गुपचूप चपला शोधायला लागलो. मागाहून कळलं, ते चहा घेणार का म्हणून विचारत होते.

आता मी मागणी का घातली, तेही सांगतो. तेव्हा मी भाड्याची गाडी चालवायचो, आणि एकदा स्टँडवर ती मागे घेताना मी हिचं स्टूल चेपलं. पार चपटं केलं. ही खिडकीशी आली आणि म्हणाली, "डोळे पण गाडीबरोबर भाड्यानं आणलेत का?" सगळा स्टँड हसला. मला राग यायला हवा होता. पण मी दुसऱ्या दिवशी नवीन स्टूल घेऊन गेलो, तिसऱ्या दिवशी उगाचच गेलो, आणि मग जात राहिलो.

पुढे ट्रॅव्हल्सवाल्या साहेबांनी हिला स्टँडवर ऐकलं आणि म्हणाले, बाई, हा आवाज इथं काय वाया घालवताय? त्यांची एक दिवसाची सहल होती. सकाळी निघायचं, घाट चढायचा, एका जुन्या, पडक्या शहराचे अवशेष बघायचे, मग गरम पाण्याच्या कुंडात पाय मोकळे करायचे आणि संध्याकाळी परत. हिला गाइड म्हणून घेतलं आणि मिनीबसवर ड्रायव्हर म्हणून मला. ऑफिसात सगळे म्हणायचे, नवरा गाडी चालवतो आणि बायको तोंड चालवते. म्हणू देत. ट्रिपा भरून जायच्या.

हिची पद्धत अशी. पडक्या शहरात वारा फार, म्हणून ही घाटातच माइकवर सगळं सांगून टाकायची. बाजार कुठं होता, धान्याची कोठारं कुठं, रंगमंच कुठं, पाणी कुठून खेळवलं होतं, सगळं. तिथं पोहोचलं की छत्री उंच धरायची आणि पुढं चालायचं, बाकीच्यांनी छत्रीमागून यायचं. मी मात्र गाडीत. कारण गाडीच्या मागच्या दाराचं कुलूप बिघडलेलं. साहेबांना सांगितलं की म्हणायचे, "करू, करू." वर्षं गेली, साहेब टकले झाले, पण कुलूप काही झालं नाही. मग लोकांचं सामान कोण सांभाळणार? मी! घाटातलं भाषण मला झोपेत म्हणता येईल इतकं पाठ, आणि त्या शहराचा एक दगड मी आत जाऊन बघितलेला नव्हता.

फक्त एक गोष्ट मला पाठ नव्हती. त्या शहराच्या टोकाला, मोठ्या दरवाजाजवळ, जुनं स्नानगृह आहे. त्यात एक गोल खोली. वरचा घुमट अजून शाबूत, मधे एक भोक आणि त्यातून उजेड येतो. त्या खोलीबद्दल ही माइकवर अवाक्षर काढायची नाही. "तिथलं तिथंच सांगायचं असतं," म्हणायची. आणि तिथं सांगून उपयोग काय? हिचा तो आवाज त्या घुमटाखाली असा घुमायचा की एका शब्दावर दुसरा शब्द चढायचा, कुणाला काही म्हणता काही कळायचं नाही. लोक परत आले की मलाच विचारायचे, "अहो, बाईंनी त्या गोल खोलीत काय सांगितलं?" मी हिला विचारलं, तर म्हणे, "काही नाही. दगडांचं."

कधीमधी एखादा प्रवासी, बहुतेक हिच्या अगदी जवळ उभा राहिलेला, परत येऊन माझा हात हातात घ्यायचा. हलवायचा, थँक्यू म्हणायचा. एका आजीनं तर गालावरून हात फिरवला. मला वाटायचं, घाट नीट चढवला म्हणून असेल. मी चालवतोच तशी.

आणि मग हिचा घसा बसला. आधी वाटलं सर्दी. काढा झाला, गुळण्या झाल्या, शेजारणीचे सल्ले झाले. शेवटी डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं, तर स्वरतंतूवर गाठ. साधी होती, वाईट नव्हती, पण काढावी लागली. ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, आता तोंडाला कुलूप. आमच्या हिच्या तोंडाला! मी त्यांना म्हटलं, डॉक्टर, त्यापेक्षा मला टाके घाला.

घर असं गप्प झालं की वरच्या मजल्यावरची बाई खाली येऊन विचारून गेली, सगळं ठीक आहे ना? आम्ही टाळ्या ठरवल्या. एक टाळी म्हणजे नाही. दोन टाळ्या म्हणजे हो. तीन टाळ्यांचा अर्थ मी इथं सांगत नाही, पण त्या मलाच उद्देशून असायच्या आणि दिवसातून बऱ्याच वाजायच्या. आमची मुलगी परगावाहून फोन करायची, तर ही फोनवर दोन टाळ्या वाजवायची. पलीकडून मुलगी रडायची, म्हणायची, "आई, एकदा तरी ओरड ना माझ्यावर."

बोलायची परवानगी मिळाली, तेव्हा ही स्वयंपाकघरात गेली, दार लावून घेतलं आणि आत काहीतरी बोलून बघितलं. बाहेर मला काहीच ऐकू आलं नाही. बाहेर आली तेव्हा चेहरा पांढरा पडलेला. आवाज आला होता, पण नुसती एक चिरकी धाप. कानाशी तोंड आणलं तर कळावं, इतकाच. डॉक्टर म्हणाले, ह्याहून फार काही अपेक्षा ठेवू नका.

साहेब फळं घेऊन भेटायला आले. माणूस वाईट नाही, पण नफातोटा सुटत नाही. म्हणाले, "बाई, आता एक यंत्र निघालंय. प्रत्येकाच्या कानात खुपसायचं एक बोंडूक, त्यातून आवाज येतो. एका मुलीनं सगळी माहिती गोड आवाजात भरून दिलीये. तुम्ही ऑफिसात टेबलावर बसा. पगार तोच."

ही माझ्याकडे बघत पुटपुटली, आणि मी ते मोठ्यानं सांगितलं, "ही म्हणतेय, टेबलावर बसून मी काय फायलींना पुकारू?"

साहेब हसले, पण हिचे डोळे भरले होते. त्यांनाही ते दिसलं. मग असं ठरलं, येत्या रविवारच्या ट्रिपला हिनं यायचं, साहेबही येणार, यंत्रही येणार. हिला जमलं तर ट्रीप हिची. नाही जमलं तर टेबल, आणि पुन्हा विषय काढायचा नाही. हिनं दोन टाळ्या वाजवल्या.

रविवारी घाट सुरू झाला तशी हिनं माइक उचलला. नुसती खरखर. इंजिनाच्या आवाजापुढं त्या धापेची काय मजाल? मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकू येत नाही हो!" हिनं माइक ओठांना चिकटवला. आणखी खरखर. मग साहेबांनी हळूच पेटी उघडली आणि सगळ्यांना बोंडुकं वाटायला सुरुवात केली. हिनं माइक खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी आरशातून बघत होतो. बघता बघता वळणावर गिअर चुकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पण नशीब कधी कधी आपल्याही बाजूनं असतं. पडक्या शहराच्या मोठ्या दरवाजाला परांची बांधलेली. भिंत फुगली म्हणून रस्ता बंद. पहारेकरी म्हणाला, मागच्या अंगानं जा, कुंडाकडून. म्हणजे जे शेवटी बघायचं ते आधी, आणि जे आधी ते शेवटी. गाडी तिकडे लावली. मंडळी उतरली. यंत्रातली मुलगी बिचारी तिच्या ठरल्या वाटेनं निघाली होती. ती गोड आवाजात म्हणाली, समोर दिसतो आहे तो भव्य रंगमंच. आणि समोर होतं सार्वजनिक शौचालय.

चष्मेवाले एक आजोबा होते, ते मोठ्यानं म्हणाले, "ह्यावर नाटकं कसली व्हायची?" सगळे खो खो हसले. साहेबांनी घाईघाईनं एक बटण दाबलं, तर मुलगी पहिल्यापासून सुरू झाली, "सुप्रभात." दुसरं दाबलं, तर थेट निरोप घ्यायला लागली. लोकांनी बोंडुकं काढून टाकली. कुणी म्हणालं, ऊन वाढतंय, सोडा ते दगड, सरळ कुंडात जाऊ. साहेबांनी घाम पुसला आणि म्हणाले, "बरं. चला कुंडावरच."

मी गाडीतून बघत होतो. हिनं छत्री खाली घेतली.

आता तुम्हाला वाटेल, त्यात काय? अहो, ही छत्री मी कधी खाली आलेली बघितली नव्हती. पावसात नाही, वादळात नाही. एकदा छत्रीच्या काड्या मोडल्या, तर हिनं नुसता दांडा वर धरून ट्रीप पुरी केली होती. ती छत्री खाली आली आणि माझं डोकं सणकलं. मी गाडीतून उडी मारली. शेजारच्या चहावालीला म्हटलं, "मावशी, सामानाकडे जरा बघ."

"अहो, सामान!" साहेब ओरडले.

"मरू दे सामान!" मी म्हटलं. "कुणी कुठं जायचं नाही. ही दाखवेल, मी बोलेन. मला सगळं पाठ आहे."

ही माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघत होती. पण छत्री वर गेली.

तर मंडळी, पाठ असणं वेगळं आणि बघितलेलं असणं वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं. मी छाती फुगवून हात लांब केला, "हा पाहा इथला वैभवशाली बाजार!" एक टाळी. तो गुरांचा गोठा होता. मी म्हटलं, "ही धान्याची कोठारं!" एक टाळी. ती गटारं होती. माझ्या मनातला बाजार म्हणजे मोठे खांब, छतं, झुंबरं. खरा बाजार आला, तेव्हा हिनं छत्रीनं दाखवलं आणि मला समोर फक्त गुडघ्याएवढे दगड दिसले. माझ्या तोंडून निघून गेलं, "हा? हा बाजार? अगं, इतकी वर्षं तू ह्याचं कौतुक करत होतीस?"

तीन टाळ्या!

लोक पोट धरून हसायला लागले. चष्मेवाले आजोबा म्हणाले, "तीनचा अर्थ आम्हालाही कळला हो." मग लोकच टाळ्या वाजवायला लागले. मी चुकलो की सगळ्यांची एक टाळी, बरोबर आलो की दोन. कुंडाचं नाव कुणी काढेना. हिनं दगडावर हात ठेवून दाखवला की सगळे ठेवायचे. खालून गरम पाण्याचा पाट गेलाय, तो दगड खरंच कोमट लागतो. भाषणात मी ते शंभरदा ऐकलं होतं. हाताला त्या दिवशी लागलं. माझा हात तिथून निघेना, तर हिनं छत्रीचं टोक टोचलं.

साहेब मागून येत होते. हसत होते, पण मान अजून हलवत होते. मला त्यांचं मन दिसत होतं. दोन पगार देऊन नवरा-बायकोचा तमाशा दर रविवारी कोण चालवणार? आणि सामानाचं काय? मी कितीही बोललो तरी ते हिचं जमणं नव्हतं. ते माझं जमणं होतं, तेही अर्धंमुर्धं.

अशानं आम्ही स्नानगृहाशी आलो आणि त्या गोल खोलीत शिरलो.

आत गार, अर्धवट अंधार. वरच्या भोकातून उन्हाचा एक पट्टा खाली फरशीवर. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्याकडे काहीच नव्हतं. ह्या खोलीबद्दल माइकवर कधी शब्द आला नव्हता. मी म्हटलं, "इथलं... इथलं मला माहीत नाही." घुमट माझ्यावरच उलटा ओरडला. कुणालाच धड कळलं नाही.

ही पुढं आली. छत्री मिटली, माझ्या हातात दिली. दोन्ही हातांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. आणखी जवळ. अनोळखी माणसं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, माना पुढं काढून उभी राहिली. एक बाळ कुरकुरत होतं, तेही गप्प झालं. आणि ही बोलली.

काय सांगू तुम्हाला! जो आवाज घाटात माइकवरूनही पोचला नाही, तो त्या खोलीत प्रत्येकाच्या कानात स्वच्छ उतरला. घुमणं नाही, आदळणं नाही. मागच्या भिंतीशी उभ्या साहेबांनाही शब्द न् शब्द ऐकू येत होता. इतकी वर्षं ही इथं ओरडत आली आणि कुणाला कळलं नाही. खोलीला ओरडणं चालतच नव्हतं, त्याला ती तरी काय करणार?

"इथं लोक अंघोळीला यायचे," ही म्हणाली. "श्रीमंत, गरीब, सगळे. कपडे उतरवले की सगळे सारखेच. आत गरम पाणी. पण कपडे, पैसा, दागिने बाहेर. ते कुणीतरी सांभाळायला हवं ना? तो इथं बसायचा."

दाराच्या आत भिंतीला एक दगडी बैठक होती. हिनं तिच्यावर हात ठेवला. मधोमध खोलगट झिजलेली.

"एकट्या माणसानं दगड एवढा झिजत नाही. आधी बाप बसला असेल, मग मुलगा, मग नातू. सगळं गाव न्हाऊन गेलं, हे इथंच बसून राहिले. ज्यांनी हे बांधलं त्यांची नावं बाहेर कोरलीत. ह्यांचं नाव कुठंच नाही. ह्यांची फक्त बसल्याची खूण राहिली. पण हे बसले म्हणून बाकीचे निवांत आत जाऊ शकले."

मग ही नेहमीच्या सवयीनं पुढं म्हणाली, "आमचे हे आत्ता बाहेर गाडीत बसलेत. तुमचं सामान सांभाळत. इतक्या वर्षांत त्यांनी हे बघितलेलं नाही. परत गेलात की त्यांचा हात एकदा हातात..."

आणि थांबली. माझ्याकडे बघितलं.

"नाही," म्हणाली. "आज आत आलेत."

मी काय करणार? हातात छत्री होती, ती उघडून तोंडासमोर धरली. घुमटाखाली छत्री! म्हटलं तर वेडाच. पण आजोबांनी छत्री बाजूला केली आणि माझा हात हातात घेतला. मग त्यांच्यामागून दुसरे, मग बाळवाली. प्रत्येक जण आला. मला ती गालावरून हात फिरवणारी आजी आठवली. घाट चढवल्याबद्दल नव्हतं तर ते! ही दर खेपेला माझ्याबद्दल सांगत होती, जीव तोडून सांगत होती, आणि बाहेर गाडीत बसून मी काचा पुसत होतो.

साहेब सगळ्यात शेवटी आले. बोंडुकांची पेटी काखेत होती. हिच्यापुढं उभे राहिले आणि त्यांनाही कुजबुजतच बोलावंसं वाटलं. "बाई," ते म्हणाले, "घाटातलं बोलणं ह्या पेटीतली पोरगी करेल. घाटात ती चुकायची नाही. इथं आत मात्र फक्त तुम्ही. दर रविवारी. टेबल गेलं चुलीत."

हिनं दोन टाळ्या वाजवल्या. घुमटानं त्या पाच-पन्नास करून परत दिल्या. लोकांना वाटलं आता टाळ्या वाजवायच्या आहेत, आणि मग जो काय कडकडाट झाला म्हणता! भोंग्याच्या ऐन उमेदीतही तिथं एवढा आवाज झाला नसेल.

मग सगळे कुंडावर गेले. दगडी कट्टे, मधे वाफाळणारं पाणी, गंधकाचा वास. लोकांनी धडाधड उड्या घेतल्या. मी सवयीनं गाडीकडे वळलो, तर हिनं माझी बाही धरली. चपला काढायला लावल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ओढतच कट्ट्यावर बसवलं. पाय पाण्यात गेले आणि मी जोरात ओरडलो. किती गरम ते! इतकी वर्षं लोक ह्यातून हसत बाहेर यायचे, मला वाटायचं कोमट असेल. हळूहळू सोसलं. मग टाचांतून, पोटऱ्यांतून, आयुष्यभर क्लच दाबून दाबून दुखणाऱ्या त्या डाव्या गुडघ्यातून काहीतरी सैल होत वर आलं.

एकाएकी ही दचकली. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "अहो! सामान कोण बघतंय?"

मी मान वळवली. चहावाली तिच्या ठेल्यावर परत गेली होती. गाडीच्या मोडक्या दाराच्या पायरीवर साहेब बसले होते, मांडीवर पेटी, टकलावर ऊन. आमच्याकडे बघून त्यांनी हात हलवला, म्हणजे बसा, बसा, घाई नाही.

"बसलाय कुणीतरी," मी म्हटलं.